वाचकांचे प्रश्न : इंजिनाला जादा अर्थिंग वायरी लावाव्यात का?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझी पेट्रोल गाडी ११ वर्षांची आहे. सकाळी सेल्फ मारला की इंजिन जड फिरतं. रात्री इंडिकेटर लावला की त्याच बाजूचा हेडलाइट इंडिकेटरच्या तालावर मंद होतो. एका मित्राने अर्थिंग वायरचा संच लावायला सांगितलंय. त्यात पाच जाड रंगीत वायरी येतात, टोकांना थिंबल (बोल्टखाली बसणाऱ्या धातूच्या कड्या) असतात आणि बॅटरीजवळ बसवायची एक पट्टी असते. पिकअप वाढतो, अ‍ॅव्हरेज सुधारतं, गिअर मऊ पडतात असं खोक्यावर लिहिलंय. मित्राला स्वतःच्या गाडीत फरक जाणवला म्हणे. लावू का?

उत्तर : संच लावू नका. पण तुम्ही लिहिलेली दोन्ही लक्षणं खराब अर्थिंगची असू शकतात, तेव्हा गाडी तशीच चालवत राहणंही बरं नाही. आधी मोजून बघा.

बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून प्रत्येक दिव्यापर्यंत, मोटरपर्यंत वायर जाते. करंट परत येतो तो बहुतेक ठिकाणी गाडीच्या पत्र्यातून. या परतीच्या वाटेलाच अर्थिंग म्हणतात. इंजिन मात्र रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत, नाहीतर थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत, एक जाड केबल किंवा विणलेली तांब्याची पट्टी कंपनीनेच दिलेली असते. सेल्फ मारताना सगळा करंट तिच्यातूनच परततो. लहान पेट्रोल इंजिनाच्या स्टार्टरला, म्हणजे सेल्फच्या मोटरला, १०० ते २०० अँपिअर सहज लागतात, डिझेलला त्याहून जास्त. अशा वेळी बोल्टखालच्या गंजामुळे वाटेत ०.०१ ओहम रेझिस्टन्स जरी आला, तरी १५० अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. मग इंजिन जड फिरणारच.

हा ०.०१ ओहम साध्या मल्टिमीटरला ओहमच्या रेंजमध्ये नीट दिसत नाही. कंटिन्युइटीच्या, म्हणजे वायर जोडलेली आहे का ते सांगणाऱ्या, ‘टूं’ आवाजावर तर मुळीच भरवसा ठेवू नका. केबलच्या सगळ्या तारा तुटून एकच उरली असली तरी मीटर तितकाच खणखणीत वाजतो. मी शिकवते तिथे मुलांना हे मुद्दाम करून दाखवते. एक तार शिल्लक ठेवलेली केबल मीटरवर ‘चांगली’ ठरते, आणि त्याच केबलवर स्टार्टरचा भार टाकला की ती तग धरत नाही.

मोजायचा असतो व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत खर्ची पडणारे व्होल्ट, आणि तोही करंट चालू असताना. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवा, म्हणजे शिशाच्या खांबावरच, त्याला आवळलेल्या क्लॅम्पवर नाही. लाल पिन इंजिनाच्या उघड्या धातूवर, एखाद्या स्वच्छ बोल्टच्या डोक्यावर धरा. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, पिना आणि हात पट्ट्यापासून नि पंख्यापासून लांब. आता दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत राहिला तर इंजिनाचं अर्थिंग ठणठणीत आहे, त्यावर आणखी वायरी चढवून काही मिळायचं नाही. ०.५ च्या वर गेला तर दोष नक्की आहे. मग एकेक टप्पा मोजत जा. खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते बॉडी, बॉडी ते इंजिन. ज्या टप्प्यावर आकडा उडी मारेल, तिथला जोड खराब.

तो जोड सोडवायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा. मग बोल्ट काढून थिंबल आणि त्याखालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून ग्रीसचा हात फिरवा. केबलच्या टोकाला आवरण मागे सारून पाहा. आतल्या तारा हिरव्या-काळ्या पडून भुसभुशीत झाल्या असतील तर घासून उपयोग नाही, केबलच बदला. नवी मूळ केबलइतकी जाड हवी. इथेच त्या संचाची गोम आहे. ८ चौरस मिलिमीटर तांब्याच्या मीटरभर वायरीचा रेझिस्टन्स साधारण ०.००२ ओहम असतो. १५० अँपिअरला तिच्यात एकटीच्याच ०.३ व्होल्ट पडतात. वरचं रंगीत आवरण जाड असलं म्हणजे आतलं तांबं जाड असतंच असं नाही.

सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन खांबांमधलं व्होल्टेजही बघून घ्या. ते साडेनऊच्या खाली जात असेल तर संशय आधी बॅटरीवर घ्यायचा. आणि अशीच परीक्षा पॉझिटिव्हच्या बाजूनेही करा, बॅटरीचा खांब ते स्टार्टरचा बोल्ट. तो जोडही तितकाच गंजतो.

आता हेडलाइट. इंडिकेटरबरोबर त्याच बाजूचा हेडलाइट डोळे मिचकावतो, म्हणजे त्या दोघांचा समाईक अर्थ पॉइंट खराब असण्याची शक्यता मोठी. तो इंजिनावर नसतो, पुढच्या पत्र्यावर दिव्याच्या मागे कुठेतरी एका बोल्टला असतो. काळ्या किंवा तपकिरी वायरीचा माग काढत गेलात की सापडेल. इंजिनावर पाच काय, दहा वायरी जोडल्या तरी त्या गंजलेल्या बोल्टला त्यांचा स्पर्शही होणार नाही. संच विकणारे नेमकी हीच गोष्ट सांगत नाहीत याचा मला राग येतो, कारण माणूस पैसे घालून निर्धास्त होतो आणि दोष जिथल्या तिथे राहतो.

खोक्यावरच्या दाव्यांचं म्हणाल, तर सेन्सरांचा परतीचा करंट आजच्या गाड्यांत बहुधा स्वतंत्र वायरीने थेट ईसीयूकडे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाकडे, जातो. पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा, ठिणगीची कॉइल किती वेळ भरायची, हे ईसीयू बॅटरीचं व्होल्टेज पाहूनच ठरवतो. पेट्रोलचं प्रमाण ऑक्सिजन सेन्सर दुरुस्त करत राहतो. तेव्हा चांगल्या अर्थिंगमधला ०.१ व्होल्टचा ड्रॉप ०.०५ वर आणून इंजिनाच्या ताकदीत भर पडत नाही. हाताने टाकायच्या गिअरचा तर या वायरींशी संबंधच नाही.

मित्राला फरक जाणवला असेलही, त्याला खोटं पाडू नका. वायरी बसवताना बॅटरीची टर्मिनलं निघाली, घासली गेली, नीट आवळली गेली. बॅटरी सुटल्यामुळे बऱ्याच गाड्यांत ईसीयूने शिकून ठेवलेली मूल्यंही पुसली जातात आणि पुढे काही दिवस गाडी वेगळी वाटते. हे सगळं संचाशिवायही झालं असतं.

आणखी एक विचारते. अलीकडे क्लचचं किंवा गिअरबॉक्सचं काम केलंय का? आमच्या वर्कशॉपमध्ये अशीच एक जुनी गाडी आली होती. काम करणाऱ्याने गिअरबॉक्सवरची अर्थिंगची पट्टी परत लावलीच नव्हती, ती एका टोकाला लोंबकळत होती. करंटने दुसरी वाट शोधली, अ‍ॅक्सिलरेटरच्या पोलादी केबलमधून. सेल्फ मारला की केबल तापायची, आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळून ती अडकायला लागली होती. धावत्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर अडकला तर काय होईल, ते सांगायला नको. एक पट्टी आणि एक बोल्ट, एवढंच काम होतं.

प्रश्न : माझ्या गाडीत स्टार्ट-स्टॉप (गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद-चालू होण्याची सोय) आहे. बॅटरीच्या निगेटिव्ह क्लॅम्पवर एक छोटी काळी डबी आणि तिला बारीक वायर आहे. मी जादा अर्थिंग वायर त्याच खांबावर आवळली तर चालेल का?

उत्तर : नाही. ती डबी म्हणजे बॅटरी सेन्सर. बॅटरीत जाणारा आणि तिच्यातून येणारा सगळा करंट तिच्यातून मोजला जावा अशी योजना असते. तुमची वायर थेट खांबावर गेली की काही करंट डबीला वळसा घालून जाणार. मग बॅटरी किती भरली आहे याचा गाडीचा हिशेब चुकतो, चार्जिंग चुकतं, स्टार्ट-स्टॉप बंद पडू शकतं. वायर जोडायचीच असेल तर डबीनंतरची केबल बॉडीला जिथे बोल्टने लागते, तिथे जोडा.

प्रश्न : गाडीत गाण्यांसाठी मोठा अ‍ॅम्प्लिफायर बसवतोय. मग तरी जादा अर्थिंग हवं ना?

उत्तर : हो, इथे खरंच उपयोग आहे, कारण कंपनीने धरला नव्हता इतका करंट तुम्ही मागणार आहात. अ‍ॅम्प्लिफायरची निगेटिव्ह पॉझिटिव्हइतकीच जाड घ्या, शक्य तितकी आखूड ठेवा आणि रंग खरवडलेल्या भक्कम पत्र्यावर बोल्टने लावा. सीटबेल्टच्या किंवा एअरबॅगच्या बोल्टला हात लावू नका. बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी या केबली जाड करा. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) ते बॅटरी ही पॉझिटिव्हही तपासा, नुसती परतीची वाट रुंद करून भागत नाही. आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या पॉझिटिव्ह वायरीवर फ्यूज हवाच, बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत.