रजिस्टरमधला ‘बाहेरगावी’ हा शेरा

प्रिय पोरी,

तुझा मेसेज परवा रात्री वाचला. उपकेंद्रावर जॉइन होऊन महिना झाला, मीटिंगमध्ये सगळे माता-बालकांच्या आरोग्यात समता आणायची म्हणतात, पण म्हणजे मी उद्या सेंटरवर जाऊन नेमकं काय करायचं, असं विचारलंयस. फोनवर सांगत बसले असते तर निम्मं राहून गेलं असतं म्हणून लिहितेय, लांबलं तर लांबलं.

तुझी गावं बीडकडच्या बालाघाटाच्या डोंगरातली, धारूर-वडवणीकडची, तिथेच माझी नर्स म्हणून बरीच वर्षं गेली. आता तुला गावं भरलेली दिसतायत. दसरा झाला की बघ, रोज एक-दोन ट्रक भरून माणसं ऊसतोडीला निघतात, भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या, लेकरं सगळं घेऊन, कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी पार कर्नाटकात. दिवाळीनंतर तर गावात म्हातारी माणसं आणि कुत्रीच राहतात. ती माणसं परत येतात मार्च-एप्रिलमध्ये. आणि या सहा महिन्यांत तुझ्या रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे एकच शब्द येतो, ‘बाहेरगावी’. तुला खरं काम करायचं असेल तर या शब्दापासून सुरू कर, माझं सगळं सांगणं एवढंच आहे.

मी पण लिहायचे तो शब्द. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एक पोरगी होती, पहिलटकरीण, सातवा लागलेला, रक्त कमी. तिला म्हटलं, बाई, या खेपेला जाऊ नकोस. ती म्हणाली, मॅडम, मी नाय गेले तर अर्धा कोयता होतो, उचल कशी फिटायची? तुला माहीत असेलच, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादम, म्हणजे मजूर नेणारा ठेकेदार, उचल म्हणून आगाऊ पैसे देतो ते जोडीला. ती गेली आणि मी शेरा मारला. मार्चमध्ये ती सेंटरवर आली तेव्हा तिच्या हातात कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेलं गरोदरपणाच्या तपासण्यांचं कार्ड होतं, जपून ठेवलेलं, जरापण दुमडलेलं नाही, आणि माझ्या अक्षरातल्या शेवटच्या नोंदीनंतरचे सगळे रकाने कोरे. उसाच्या फडातच बाळंत झाली होती, बाळ तिसऱ्या दिवशी गेलं. तिने मला काही विचारलं नाही, कार्ड टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, हे जमा करायचं असतं ना. त्या वर्षी माझ्या रिपोर्टमध्ये काहीच कमी पडलं नव्हतं गं, कारण बाहेरगावी गेलेलं माणूस हिशेबातच धरायचं नसतं.

म्हणून सांगते, टक्केवारी चांगली आली की खूश होण्याआधी बघायचं की कोण मोजलंच गेलं नाही.

आता काम. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आशाताईंना घेऊन बस आणि यादी काढ, पाळीची तारीख धरून कुणाला हंगामात सातवा, आठवा, नववा लागणार, कुणाचं लेकरू सहा महिन्यांच्या आतलं, कुणाचा दीड महिन्याचा, अडीच महिन्याचा, साडेतीन महिन्याचा डोस तिकडे येणार, कुणाचा नऊ महिन्यांचा गोवर-रुबेला. प्रत्येकीपुढे मुकादमाचं नाव, मोबाइल नंबर, कारखाना कुठला, आणि गाडी सेंटर का टायर सेंटर का डोकी सेंटर, म्हणजे टोळीची ऊस वाहायची पद्धत कुठली, तेही लिही, कारण टोळी कुठे उतरणार ते त्यावरून शोधता येतं. कार्डाचा फोटो काढून तिच्या नवऱ्याच्या फोनवर टाक, आणि तुझ्याकडे पण ठेव. लोहाच्या लाल गोळ्या महिन्याच्या महिन्याला देतो तशा देऊ नकोस, पाच महिने जाणार आहे तर 150 मोजून दे, कॅल्शियम वेगळ्या पिशवीत, आणि चहाबरोबर घ्यायची नाही हे सासूसमोर सांग, सून एकटी असताना सांगून उपयोग नसतो.

आणि तिला हे पाठ करून पाठव की कुठल्याही सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट आहे, सिझेरियन लागलं तरी फुकट, औषधं, जेवण, न्यायची-आणायची गाडी, सगळं, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 पासून आहे. आपल्या जिल्ह्याच्या बाहेर पण लागू आहे. बायका घाबरतात की तू इथली नाहीस म्हणून हाकलतील. 108 तर सगळ्यांना माहीत असतं पण कोपीवरून, म्हणजे तिथल्या झोपडीवरून, फोन लावून पत्ता काय सांगायचा? कुठल्या गावाच्या शिवारात, कुणाच्या फडात, हे नवऱ्याने रोज विचारून ठेवायला पाहिजे, ही गोष्ट साधी आहे पण यातच दोन तास जातात आणि रक्तस्राव चालू असलेल्या बाईकडे दोन तास नसतात.

एकदा मी स्वतः कारखान्यावर गेले होते आमच्या लोकांना भेटायला. तिथली लसीकरणाची टीम म्हणाली, ताई, आम्ही येतो पण लाभार्थी गैरहजर असतात. मी विचारलं किती वाजता येता, तर अकरा. अकराला कोपीवर कोण असणार? बायका पहाटे तीन-चारला निघालेल्या. मी गेले तेव्हा आठेक वर्षांची एक पोर होती, पाचटावर बसलेली, बैलगाडीच्या जूला बांधलेल्या झोळीत भाऊ, एका हाताने झोका देत होती आणि दुसऱ्या हाताने भाकरीचा तुकडा पाण्यात भिजवून त्याच्या तोंडात घालत होती. बाळ सहा महिन्यांचं पण नसेल. आई दिवस मावळायच्या आधी आली, डोक्यावर उसाचं वाडं, आणि हात पण न धुता बाळाला घेतलं, धुवायला पाणी होतंच कुठे जवळ. त्या टीमची चूक नव्हती, त्यांचा टाइमटेबल गावासाठी बनवलेला होता. नंतर त्यांनी संध्याकाळी सहाला सेशन लावलं, कोप्यांमध्येच, बॅटरीच्या उजेडात, आणि रांग लागली. म्हणजे तेच डोस, तीच नर्स, फक्त वेळ त्या बाईच्या सोयीची. समता कुणी विचारली तर मला ती संध्याकाळ आठवते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांमध्ये गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवून बाळांचे मृत्यू किती कमी होतात ते दाखवलं, 1999 मध्ये ते लॅन्सेटमध्ये छापून आलं, आणि आज आपली आशा बाळंतिणीच्या घरी 42 दिवसांत सहा वेळा जाते, घरी बाळंत झाली असेल तर सात वेळा, ते त्यातूनच आलं. पण ते ‘घरी’ आहे ना. कोपीला घर धरायचं का, आणि धरलं तर कुठल्या आशाने जायचं, गावाकडच्या की कारखान्याकडच्या? दोघींच्या मध्ये ती बाळंतीण राहते. तू एक फोन करून त्या दोघींना जोडू शकतेस. जीआरची वाट बघू नकोस.

एक गोष्ट अवघड आहे आणि तुला लवकरच भेटणार आहे. तिशीच्या आतली बाई येईल आणि म्हणेल, पिशवी काढायचीय. 2019 मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात 13,861 जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या निघाल्या. पेपरात खूप आलं, मग लोक विसरले. तू त्या बाईला अडाणी समजू नकोस. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, कोपीवर ना पाणी ना संडास, पाळीत पण मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचं, एक दिवस बसली तर खाडा आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापणार. त्यात कुणी खासगीवाला सोनोग्राफी दाखवून कॅन्सर होईल म्हणाला की ती हिशेब करते, आणि तिच्या जागी तूही तोच केला असतास. तिला रागावू नकोस, थांबव. पांढरं जाण्यावर बऱ्याचदा गोळ्या पुरतात, कधी नवऱ्याला पण द्याव्या लागतात, ते स्पष्ट बोल. सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायला स्वतः घेऊन जा, चिठ्ठी देऊन पाठवू नकोस, चिठ्ठ्या हरवतात. लवकर पिशवी काढली की हाडं लवकर ठिसूळ होऊ शकतात, पाठ धरते, हे मी चाळिशीतल्या बायकांच्यात बघितलंय, ज्या मोळी उचलायला म्हणून ऑपरेशन करून आल्या आणि त्यानंतर मोळी उचलू शकल्या नाहीत.

आणि लग्नं. आई-बाप सहा महिने नसतात, वयात आलेली पोरगी कुणाजवळ ठेवायची या भीतीने लग्न उरकतात, शिवाय नवा कोयता तयार होतो. मग सतरा-अठराला बाळंतपण. हॉस्टेलला जागा मिळाली तर पोरगी वाचते, म्हणून शाळेतल्या सरांशी, ग्रामसेवकाशी ओळख ठेव, हे पण तुझंच काम आहे, कुणी सांगणार नाही तुला.

टार्गेटचं प्रेशर येईल, मीटिंगमध्ये बोलणी बसतील की तू बाहेर गेलेल्यांच्या मागे का लागतेस. ऐकून घे आणि यादी चालू ठेव.

दसऱ्याच्या आधी यादी झाली की मला फोटो पाठव. ज्यांना तिकडे नववा लागणार आहे त्यांच्या मुकादमांशी मी पण बोलेन, त्यातले दोघं-तिघं ओळखतात मला, त्यांच्या बायकांची बाळंतपणं माझ्याच हातची आहेत.

तुझी,
सिस्टरमावशी