इंग्लंडमध्ये ५ नोव्हेंबरला शेकोटी का पेटवतात? एवढ्या थंडीत बघायला जावं का?

नक्की जा. ऑक्टोबरअखेर घड्याळं तासभर मागे जातात आणि साडेचारलाच अंधारून येतं. नव्याने आलेल्या माणसाला ते फार जड जातं. मला या शेकोटीनेच इथली थंडी आवडायला लावली.

कारण १६०५ सालचं. राजा पहिला जेम्स याला संसदेसकट उडवून देण्याचा कट काही कॅथलिकांनी रचला होता. म्होरक्या रॉबर्ट केट्सबी, पण हाउस ऑफ लॉर्ड्सखालच्या तळघरात बंदुकीच्या दारूच्या ३६ पिंपांपाशी सापडला तो गाय फॉक्स, म्हणून नाव त्याचंच राहिलं. राजा वाचला म्हणून लोकांनी शेकोट्या पेटवल्या. पुढे कायद्यानेच हा दिवस पाळायला लावला, तो कायदा १८५९पर्यंत होता. आज सुट्टी नसते, सगळं संध्याकाळीच.

जुने कपडे घालून, आत कागद कोंबून केलेला 'गाय'चा, म्हणजे गाय फॉक्सचा, पुतळा आगीत टाकतात. फॉक्स यॉर्कचा, तो जिथे शिकला त्या शाळेत मात्र पुतळा जाळत नाहीत. मला हे फार आवडतं.

आपल्या होळीसारखंच, तोंड भाजतं आणि पाठ गारठते. म्हणून लोकरीचे मोजे आणि चिखलात चालतील असे बूट घाला. यॉर्कशायरकडे असाल तर पार्किन खाच: ओट, काकवी आणि आल्याचा चिकट, गडद केक.

आणि घरी पेटवणार असाल तर ढीग त्याच दिवशी रचा. आधी रचलेल्या लाकडांत साळिंदरासारखे छोटे काटेरी हेजहॉग झोपायला शिरतात.