टेक्सासात बंदुकीला हात लावण्याआधी

तू गंगाखेडचा, मी पाथरीचा, म्हणून अरे-तुरे करतो. तुझा प्रश्न असा : एच-वन-बीवर टेक्सासला येतोय, आजोबांची बारा बोअर बघत मोठा झालो, तर इथं रायफल घेऊन तिला सायलेन्सर, आखूड नळी असलं काही बसवता येईल का?

सुट्या भागांचं नंतर, आधी व्हिसाचं बघ. ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत तुला इथं बंदूक काय, काडतूसही जवळ बाळगता येत नाही. एच-वन-बीसारख्या नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावाल्यांना केंद्रीय कायद्यानंच मनाई आहे. नेमबाजीच्या रेंजवर तासाभरासाठी भाड्यानं घेतलेली बंदूकसुद्धा यातच धरतात. ऑफिसातली मंडळी शनिवारी 'चल' म्हणतात, तेव्हा हे कुणी सांगत नाही. या मनाईत आपल्यासारख्यांना उपयोगी पडणारी सवलत म्हणजे राज्याचा शिकारीचा परवाना. तो आधी काढ अन् मुदत संपू देऊ नकोस.

आता सुटे भाग. बुलेट मोटारसायकलचं हँडल बदलल्यासारखं हे वाटतं, पण सायलेन्सर इथल्या कायद्यात स्वतःच 'बंदूक' आहे, डब्यात नुसता पडून असला तरी. रायफलची नळी 16 इंचांखाली न्यायची तर 1934 च्या कायद्याप्रमाणं आधी अर्ज अन् मंजुरी, मग करवत. त्यावरचा 200 डॉलरचा कर 2026 पासून शून्य झाला, तर लोकांना वाटतं नोंदणीही गेली. ती आहे तशीच आहे. बंप स्टॉकवर, म्हणजे रायफलमधून भराभर गोळ्या सुटाव्यात म्हणून बसवायच्या दस्त्यावर, 2018 मध्ये बंदीचा नियम आला, जून 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं तो उडवला. तरी कॅलिफोर्नियात बंप स्टॉक आजही चालत नाही. म्हणून जुने व्हिडिओ बघून काही विकत घेऊ नकोस. इथल्या माणसाला शिक्षा होते, आपल्याला त्यावर परत पाठवणीही होते.

तसं आपल्याकडं तरी काय वेगळं? परवाना नसताना नळी कापणं 1959 च्या शस्त्र कायद्यात गुन्हाच. निवडणुकीत आजोबांची बंदूक ठाण्यात जमा करताना जमादार नंबर कसा बोट ठेवून जुळवायचा, ते तू पाहिलंच असशील.

अन् एक. आठवण म्हणून रिकामं काडतूस बॅगेत टाकू नकोस. मी टाकलं होतं. स्कॅनरवर त्याचं पितळी बूड दिसलं अन् तीन तास बाकावर बसवलं, विमान गेलं ते गेलंच. त्या जागेत येसर आण, इथं मिळत नाही.