मागचा लाल दिवा आधी घे

नवी सायकल घेतलीस, छान! पण कर्वे रस्त्यावरून रात्री साडेनऊला घरी येणार असशील, तर गिअरचं कौतुक नंतर. आधी मागचा लाल दिवा लाव. पुढचा पांढरा सगळे हौसेनं घेतात, मागचा राहून जातो.

‘रिफ्लेक्टर आहे की,’ असं म्हणू नकोस. त्याच्यावर हेडलाइट पडला तरच तो चमकतो. ताशी ४० किलोमीटरने येणारी दुचाकी एका सेकंदात ११ मीटर पुढे सरकते. तू तिला लांबूनच दिसायला हवास.

दिवा सीटखालच्या दांडीला बांध आणि वर काही लोंबत नाही ना ते बघ. माझा महिनाभर जॅकेटनं झाकला होता, मागून येणाऱ्या मित्रानं सांगितलं तेव्हा कळलं! पुढचा जरा रस्त्याकडे झुकव, समोरच्याच्या डोळ्यांत मारू नकोस. मोबाइलसोबतच दिवेही चार्जिंगला लावायचे. पावसाळ्यात चार्जिंगच्या भोकावरचं रबरी बूच नीट दाब. दुकानात शिरताना दिवे काढून खिशात.

आमच्या वेळी दिव्याला वीज देणारा डायनॅमो टायरला घासत घरघरायचा, पायडल जड व्हायचं, आणि सिग्नलला थांबलं की दिवा गुल. तुमची मजा आहे बुवा.