वर्गात पहिली येणारी मुलगी चर्चेत गप्प का बसते?

तुमचा प्रश्न असा आहे: शाळेत कायम वरचा नंबर, पण आता कॉलेजात चारचौघांत मत मांडायला तोंड उघडत नाही. हा स्वभाव म्हणायचा, की मुलगी म्हणून झालेल्या वाढीचा आणि शाळेचा परिणाम?

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. स्वभावाचा भाग असेलही, पण शाळेचा वाटा आपल्याला वाटतो त्याहून बराच मोठा असतो.

शाळा मुलींना मागे ठेवते असं सरसकट म्हणता येणार नाही. वाचनात तर जवळपास सगळ्याच देशांत मुली मुलांच्या पुढे दिसतात. खरी अडचण कौतुकाची आहे. नीटनेटकी वही, वेळेवर गृहपाठ, शांत बसणं यासाठी मुलीची पाठ थोपटली जाते. मुलगा मार्कांत मागे असला तरी ‘डोकं आहे हो, अभ्यास करत नाही’, आणि ती पुढे असली तरी ‘फार कष्टाळू आहे’. स्टाफरूममध्ये ही वाक्यं मी नेहमी ऐकते, आणि बोलणाऱ्यांत बायकाही असतात. ऐकून ऐकून मुलीची समजूत होते की आपल्याकडे आहेत ते फक्त कष्ट. मग उत्तर अगदी पक्कं असल्याशिवाय तिचा हात वर जात नाही.

हे किती लवकर सुरू होतं याचा अभ्यास 2017 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. पाच वर्षांच्या मुली ‘खूप खूप हुशार’ माणूस म्हणून मुलांइतक्याच सहजपणे आपल्यातल्याच कुणाला निवडत होत्या. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये हे प्रमाण घसरलं होतं. शाळेत चांगले मार्क कुणाला मिळतात, असं विचारलं की मात्र त्या मुलींकडेच बोट दाखवत. म्हणजे मार्क आपले, बुद्धी त्यांची! मला ही गोष्ट फार लागली.

2010 च्या एका अमेरिकन अभ्यासात पहिली-दुसरीच्या शिक्षिका होत्या. ज्या शिक्षिकेला स्वतःला गणिताची धास्ती जास्त, तिच्या वर्गातल्या जास्त मुली वर्षअखेरीस ‘गणित मुलांचं’ असं मानू लागल्या, आणि तसं मानणाऱ्या मुलींचं गणितही कच्चं राहिलं. मुलांवर हा परिणाम दिसला नाही.

पुढे वयात येताना शरीराबद्दलचा संकोच वाढतो, खेळ सुटतो, आणि सर्वांसमोर चुकूनही पुन्हा उभं राहायची सवय लागायची तीही राहून जाते. मैदान सुटणं मला परीक्षेतल्या अपयशापेक्षा गंभीर वाटतं. अर्थात घराबाहेरचं जग, मैत्रिणी, पाठीशी उभी राहणारी एखादी बाई, हे सगळं अनेक मुलींना शाळेमुळेच मिळतं, तेही विसरू नका.

जी गोष्ट सवयीने आली ती सवयीने जाऊ शकते. चर्चेत सुरुवातीच्या पाच मिनिटांतच बोला, कारण जितका वेळ थांबाल तितकं वाक्य मनात घोटत बसाल. मत तयार नसेल तर प्रश्न विचारा. कुणी मध्येच तोडलं तर ‘माझं पूर्ण होऊ द्या’ एवढंच शांतपणे म्हणा. शिवाय मार्क नसलेलं, सुरुवातीला हमखास चुकाल असं काहीतरी शिकायला घ्या: पोहणं, नाटक, वादविवाद, काहीही. आणि धाकटी बहीण असेल तर तिच्या अक्षराचं कौतुक करण्याआधी तिने गणित कसं सोडवलं ते तिला समजावून सांगायला लावा.