विमानाचा समतोल की तोल?

विमानशास्त्रातल्या 'वेट अँड बॅलन्स'ला (विमानाचं एकूण वजन किती आणि ते कुठे एकवटलं आहे, याचा हिशेब) 'भार आणि समतोल' म्हणावं का, असा प्रश्न आला आहे. माझं मत 'वजन आणि तोल'.

'भार' म्हटलं की लादलेलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं: माणसं, सामान, माल. इथे तर रिकामं विमान आणि इंधनही हिशेबात असतं. तेव्हा साधं 'वजन' बरं. (भौतिकशास्त्रवाले 'वस्तुमान' म्हणा म्हणतील, म्हणोत बापडे.)

खरी गफलत 'समतोल'मध्ये आहे. त्यातल्या 'सम'मुळे तराजूची सारखी पारडी आठवतात, आणि नेहमीच्या विमानात नेमकं तेच नको असतं. पंख जिथे विमानाला उचलून धरतात, त्याच्या थोडा पुढे गुरुत्वमध्य (सगळं वजन जिथे एकवटलं आहे असं धरतात तो बिंदू) ठेवतात. त्यामुळे नाक खाली झुकू पाहतं आणि शेपटीचा आडवा पंख मागची बाजू खाली दाबून ते सावरतो. म्हणजे 'तोल सावरणं' इथे अक्षरशः लागू पडतं. गुरुत्वमध्य फार पुढे गेला, तर उतरताना नाक उचलायला एलिव्हेटर (शेपटीच्या आडव्या पंखाचा वरखाली हलणारा भाग) पुरत नाही. फार मागे गेला, तर ते जास्त वाईट: विमान अस्थिर होतं आणि स्टॉलमधून (पंखांची उचल एकदम कमी होते त्या अवस्थेतून) बाहेर काढणं कठीण, कधी अशक्य होतं.

वजन तेवढंच राहूनही तोल कसा जातो ते पाहा. सेसना १७२एस हे चार आसनी विमान कमाल वजनाला सुमारे १,१५७ किलो भरतं. तेव्हा गुरुत्वमध्याला पुढेमागे मोकळीक जेमतेम १६ सेंटिमीटर. पुढच्या सीटवरचे ५० किलो मागच्या सामानाच्या जागेत, म्हणजे साधारण दीड मीटर मागे नेले, की गुरुत्वमध्य ६ सेंटिमीटरहून जास्त सरकतो. काट्यावर मात्र एक ग्रॅमचाही फरक नाही!

दोन्ही एकदम बिघडल्याचं उदाहरण म्हणजे ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेत शार्लट इथे उड्डाणानंतर लगेच कोसळलेलं बीच १९००डी हे छोटं प्रवासी विमान. त्यात २१ जण गेले. प्रवाशांची सरासरी वजनं धरून कागदावर सगळं मर्यादेत होतं; प्रत्यक्षात वजनही जास्त आणि गुरुत्वमध्यही मागे. त्यात एलिव्हेटरची केबल देखभालीत चुकीची जुळवलेली.

जाता जाता: 'मोमेंट'ला (वजन गुणिले त्याचं अंतर) 'परिबल' हा शब्द आहे, तो खुशाल वापरा. 'ट्रिम' (वैमानिकाला सतत जोर लावावा लागू नये म्हणून केलेली जुळवणी) मात्र ट्रिमच राहू द्या.