उष्टे आणि खरकटे: दोन्ही एकच का नव्हे?

प्रश्न असा आहे: 'माझी मातृभाषा हिंदी. कुकरमधला भात हाताने मोकळा केला आणि त्याच हाताने लोणच्याची बरणी उचलली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, हात खरकटा आहे तुझा." मी तर जेवलेही नव्हते, चवही घेतली नव्हती. मग हात जूठा कसा झाला?'

तो जूठा नव्हताच. 'जूठा'ला मराठीत जवळचा शब्द 'उष्टा', आणि तुमचा हात उष्टा नव्हता, खरकटा होता. उष्टेपण तोंडातून येते, खरकटेपण शिजलेल्या अन्नातून. अर्धा खाल्लेला पेरू उष्टा, पण खरकटा नाही. भात काढून रिकामे झालेले पातेले खरकटे, पण उष्टे नाही. त्याला कुणाचे तोंड लागलेलेच नसते. जेवून उठल्यावरचे ताट दोन्ही असते, म्हणून बोलताना 'उष्टी-खरकटी भांडी' अशी जोडी येते आणि ऐकणाऱ्याला दोन्ही शब्द एकच वाटतात.

'उष्टे' हा 'उच्छिष्ट'पासून आलेला शब्द, मूळ अर्थ 'उरलेले'. तो अर्थ लग्नात अजून जिवंत आहे: नवरदेवाला लावून उरलेली हळद नवरीकडे पाठवतात, ती 'उष्टी हळद'. तिथे तोंडाचा संबंध नाही. बाळाच्या पहिल्या अन्नाचा विधी म्हणजे 'उष्टावण'. रोजच्या वापरात मात्र तोंड हीच कसोटी. त्यामुळे आमटीची चव घेताना डावातले चार थेंब तळहातावर घेतात, डाव ओठाला लावून परत आमटीत घालत नाहीत. नैवेद्याच्या स्वयंपाकाची चवच घेत नाहीत; मीठ अंदाजाने पडते.

मुलांनी यातून काढलेली वाट मला फार आवडते. एकच गोळी दोघांत वाटायची असेल तर ती शर्टाच्या टोकात गुंडाळायची आणि कापडावरून दाताने फोडायची. हे 'चिमणीचे दात'. कापड ओले होते, तरी गोळी उष्टी धरत नाहीत. पाच-सहा वर्षांच्या मुलाला ही पळवाट सुचते, म्हणजे त्याआधी नियम त्याच्या अंगात पूर्ण मुरलेला असतो, आणि तो मुरतो 'उष्टं नको देऊस' या वाक्यातूनच.

आता खरकटे. भात, वरण, उसळ, पोळी असे पाण्यात शिजलेले किंवा पाणी घालून केलेले अन्न हाताला, भांड्याला, ओट्याला लागले की ते खरकटे. कच्चे तांदूळ, फळे, दूध, कोरडे पोहे, चुरमुरे यांनी हात खरकटा होत नाही. कणीक दुधात भिजवून केलेली दशमी जुन्या कर्मठ घरांत प्रवासाला चालायची, कारण तिच्यात पाणी नसे. खरकट्या हाताने लोणचे, तूप, विरजण, पिण्याचे पाणी यांना शिवायचे नाही. लोणच्यापुरते कारण उघड आहे: शितासोबत ओल आत जाते, तेवढ्या जागी मीठ पातळ होते, आणि शीत तेलाच्या थराच्या वर राहिले तर तिथून बुरशी धरते. पण झाकण घट्ट लावलेल्या बरणीला बाहेरून हात लागला तर लोणच्याला काही होत नाही, तरी घरात टोकतातच. म्हणून हा सगळा आरोग्याचा नियम आहे असे सांगणे मला पटत नाही. तो शुद्ध-अशुद्धाचा नियम आहे, आरोग्याशी काही ठिकाणी जुळणारा.

जेवताना या नियमाचा जोर दिसतो. एरवी डाव्या हाताने काही देणे-घेणे गैर मानणारा माणूस पानावर बसला की डाव्याच हाताने डाव उचलतो आणि पाण्याचा पेला धरतो, कारण उजवा खरकटा असतो.

ही जोडी एकट्या मराठीची नाही. कन्नडमध्ये एंजलु आणि मुसुरे, तमिळमध्ये एच्चिल आणि पत्तु, बंगालीत एँटो आणि सकड़ि असे साधारण हेच दोन कप्पे आहेत. हिंदी पट्ट्यात ही विभागणी कच्ची रसोई आणि पक्की रसोई या नावांनी चालते, म्हणजे पाण्यात शिजलेले वेगळे आणि तुपात तळलेले वेगळे. तिथला भर कुणाच्या हातचे काय खायचे यावर जास्त.

आणि हे शब्द माणसांनाही लावले गेले. पंगत उठल्यावर पत्रावळीवरचे उष्टे गावकुसाबाहेरच्या लोकांच्या वाट्याला टाकले जाई. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी असे उष्टे तुकडे खाणे सोडा, असे निक्षून सांगितले. कुणी कुणाचे उष्टे खायचे यावरून पायरी ठरत असे. नवऱ्याच्या उष्ट्या ताटात बायकोने जेवायचे, उलटे नाही, हीसुद्धा तीच पायरी.

तुमच्यापुरते: भाताला हात लागला की बरणी, तुपाचे भांडे किंवा माठ यांना शिवण्याआधी हात धुवा, फडक्याला नुसता पुसून चालत नाही. भातातला डाव आमटीत घातला तरी चालतो, माठात नाही. चहा पिऊन झालेल्या कपाला 'उष्टा' म्हणा. कणीक मळलेल्या हाताबद्दल मात्र घराघरांत मतभेद आहेत: कुणी त्याला नुसते 'पिठाचे हात' म्हणतात, कुणी पाणी-मीठ पडले म्हणून खरकटे. ते सासूबाईंनाच विचारा.